भरून आलेली धमनी

हाइदोला प्रयोगशाळेत नेलं ते तिच्या सुईने. त्याआधी आठ वर्षं ती ग्रीसमधल्या यानिनाच्या इस्पितळातल्या शिवणखोलीत होती. फाटलेल्या चादरी, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, उसवलेल्या उश्या, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडायचं. एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात डॉक्टर थेओफानिस तिथे आपला कोट घेऊन आले. नुकतेच स्वीडनहून शिकून परतले होते, उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघण्याची सवय. कोटाला बाहीवर ॲसिडने भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी न्यायला आले तेव्हा ते भोक कुठे होतं तेच त्यांना सापडेना. खिडकीशी जाऊन त्यांनी बाही उलटीपालटी करून पाहिली.

"बाई, याहून बारीक काही शिवलंय का तुम्ही?"

"बहिणीच्या लग्नाच्या ओढणीची जाळी."

"आणि धमनी?"

"कुणाची?"

"उंदराची."

शिवणखोलीतल्या बाकीच्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या तोंडातून टाचण्या खाली पडल्या. हाइदो हसली नाही. उंदराच्या धमन्या शिवायच्या खोलीत ऊब असते का, एवढंच तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, असते, उंदरांना थंडी सोसत नाही. पुढच्या सोमवारी ती तिकडे गेली आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिली.

शाळा तिने सहावीत सोडली होती. वडिलांची मेंढरं, वर्षातले सहा महिने डोंगरावर, सहा महिने खाली. शिकायला सवड कुणाला होती? पण हात असे की धरलेली वस्तू जणू आपणहून नीट वागायची. पहिली दोन वर्षं डॉक्टर करायचे आणि ती बघायची. नंतर ती करायला लागली आणि डॉक्टर बघायला लागले. उंदराच्या गळ्यातली धमनी शेवईएवढी. तिच्यात एक बारीक नळी सरकवायची, नळीच्या टोकाला मोहरीएवढा फुगा. फुगा फुगवायचा आणि हलकेच फिरवत मागे ओढायचा. असं तीनदा. धमनीचं आतलं नाजूक अस्तर त्याने खरवडून निघतं. मग रेशमाची गाठ मारायची, कातडी शिवायची, उंदीर पिंजऱ्यात. संध्याकाळी तो दाणे खात असायचा.

पुढे दोन दिवसांनी, चार दिवसांनी, चौदा दिवसांनी धमनी काढून बघायची. ती मेणात घालून तिचे काप करायचे, केसाच्या पंधराव्या हिश्शाएवढे पातळ. काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि दुधावरची साय अलगद काढावी तसा काचेवर उचलून घ्यायचा. हाइदोने उचललेल्या कापाला कधी चुणी पडली नाही.

सुरुवातीला तिला वाटायचं, हे सगळं उंदरांना बरं करण्यासाठी चाललंय. एकदा तिने चौदाव्या दिवसाची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि डॉक्टरांना हाक मारली. "डॉक्टर, माझं काहीतरी चुकलं. हिच्यातलं भोक जवळजवळ बुजलंय."

डॉक्टरांनी डोळा लावून पाहिलं. "काही चुकलं नाही. ती बरी झालीय."

"अशी?"

"अशीच. हे बघा हाइदोबाई. अस्तर खरवडलं गेलं की रक्तातल्या प्लेटलेट तिथे धावतात, चिकटतात आणि वाढघटक सोडतात. वाढघटक म्हणजे निरोप्या समजा. भिंतीत पेशी स्वस्थ झोपलेल्या असतात, त्यांना तो सांगतो, उठा, वाढा, भिंत पडलीय. त्या उठतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि आतल्या बाजूला सरकत सरकत थर बांधतात. आता पुरे हे सांगणारा निरोप्या वेळेवर येतच नाही."

"हाताला कापलं तर वण वर उठतो."

"बरोबर. इथे वर उठायला जागा नाही, म्हणून तो आत उठतो."

हाइदोने मान हलवली. जखम भरून आली की माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. इथे भरून येणं म्हणजे खरोखरच भरणं होतं, काठोकाठ.

तिचा नवरा लाम्ब्रोस बस चालवायचा. त्सुमेर्का डोंगरातल्या गावांची बस, सकाळी वर, दुपारी खाली. ब्याण्णव किलोचा माणूस, मान अशी की कॉलरचं बटण कधी लागलं नाही. वरच्या गावांतल्या म्हाताऱ्यांची औषधं, पत्रं, चष्म्याच्या काचा, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं त्याच्या सीटमागे. प्रत्येक वळणाआधी तो दोनदा हॉर्न वाजवायचा, एक समोरच्या गाडीसाठी, दुसरा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शेळ्यांसाठी. पोरीचं लग्न होऊन ती पात्रासला गेली होती, घरात दोघंच. बायकोच्या कामाची थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"आज किती गिऱ्हाइकं आली गं तुझ्या शिंपीकामाला?"

"सहा."

"एकाने तरी कापड परत आणलं का, घट्ट होतं म्हणून?"

एक्क्याण्णव सालच्या वसंतात त्याच्या छातीवर ओझं बसायला लागलं. आधी चढावर, मग जेवल्यावर, मग दात घासतानासुद्धा. यानिनात तपासलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ अथेन्सची चिठ्ठी लिहून दिली. हृदयाची एक धमनी आवळली होती. तिथे फुग्याने उघडतात, छाती फाडावी लागत नाही.

फुगा हा शब्द ऐकला आणि हाइदो खुर्चीच्या कडेला सरकली. लाम्ब्रोसच्या ते लक्षातही आलं नाही. तो खुश होता, कापाकापी टळली म्हणून.

अथेन्सला ते बसनेच गेले. सात तासांचा रस्ता, मधे रिओची फेरीबोट. लाम्ब्रोस आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसला होता आणि ते त्याला मानवलं नाही. "बघ, बघ, ब्रेकवर नाचतोय. गिअर कशाला असतात मग? देवा रे, हा मला इस्पितळात पोचायच्या आधीच मारणार." शेवटी त्या ड्रायव्हरने आरशातून पाहून विचारलं, "काका, तुम्ही चालवता का?" लाम्ब्रोस म्हणाला, "चालवली असती रे, पण बायको शेजारी आहे."

तिसऱ्या दिवशी अथेन्सच्या डॉक्टरांनी दोघांना पडद्यावर चित्रं दाखवली. आधी काळी रेघ मधेच तुटलेली. नंतर तीच रेघ सलग. "बघा, मोकळी." लाम्ब्रोसचे डोळे भरून आले. त्याने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

हाइदोने विचारलं, "फुगा किती वेळा फुगवला?"

डॉक्टरांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "तीनदा. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "सहज."

घरी आल्यावर लाम्ब्रोस पंधरा वर्षांनी लहान झाल्यासारखा वागायला लागला. जिना भराभर चढायचा, वर जाऊन तिला हाका मारायचा. तीन आठवड्यांनी पुन्हा बसवर गेला. वरच्या गावांनी त्याला चीज, अक्रोड, घरी गाळलेली त्सिपुरो दारू दिली, इतकी की सीटमागे जागा उरेना. हाइदो मात्र दिवस मोजत होती. ते कुणी सांगितलं नव्हतं, बोटांना सवयच तशी लागलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं, आता पेशी जागल्या असतील. चौथ्या दिवशी, आता सरकायला लागल्या असतील. चौदाव्या दिवशी ती कामावर गेली, कपाटातून चौदाव्या दिवसाची जुनी काच काढली, पाहिली आणि तशीच परत ठेवली.

तिने डॉक्टर थेओफानिसना गाठलं. "माणसात किती दिवस लागतात?"

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग ते खांद्यावरून पलीकडे न बघता तिच्याकडे बघून बोलले. "तीन महिने. सहा. पण हाइदोबाई, दहांतल्या सहा-सातांना काहीच होत नाही. माणूस म्हणजे उंदीर नाही."

"आणि राहिलेले तीन-चार?"

"त्यांना पुन्हा करतात."

"फुगा?"

"फुगाच."

"म्हणजे पुन्हा खरवडायचं, पुन्हा निरोप्या येणार."



तेव्हापासून ती नवऱ्याकडे चोरून बघायला लागली. जून गेला, जुलै गेला. तळ्याकाठी संध्याकाळी फिरताना ती त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून श्वास ऐकायची. ऑगस्टात देवमातेच्या सणाला तो चौकात पाऊण तास नाचला आणि तिला वाटलं, आपण सहा-सातांतले. सप्टेंबरच्या शेवटी एके दुपारी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तो थांबला आणि खिशात किल्ल्या शोधायला लागला. किल्ल्या तिच्या हातात होत्या.

"लाम्ब्रो."

"काय?"

"दुखतंय?"

"किल्ल्या शोधतोय."

"माझ्या हातात आहेत."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि पायरीवर बसला. "थोडंसं," तो म्हणाला. "अगदी थोडंसं. कुणाला सांगू नकोस."

प्रयोगशाळेत त्याच महिन्यात आनंदीआनंद होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने बर्फात घालून बाटल्या पाठवल्या होत्या. बकरीच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, वाढघटकाला वाटेतच धरून ठेवणारी. निरोप्याचं तोंडच बांधायचं, म्हणजे निरोप पोचणार नाही. अर्ध्या उंदरांना ती टोचली होती, अर्ध्यांना साधं मीठपाणी. कोणत्या काचा कोणाच्या हे मोजणाऱ्याला माहीत असू नये असा नियम, मोजणारी हाइदो. तिने एकशे चाळीस काचा मोजल्या. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा डॉक्टर थेओफानिस टेबलाभोवती चक्क फिरले. प्रतिपिंडं मिळालेल्या उंदरांच्या धमन्या मोकळ्या राहिल्या होत्या. थर होता, पण पातळ, निम्म्याहून पातळ. "तुमच्या हातांनी झालं हे," ते म्हणाले आणि सगळ्यांसाठी मिठाई मागवली. हाइदोने एक तुकडा तोंडात घातला. मग ती काचा पुन्हा पेटीत लावायला लागली.

लाम्ब्रोसने थेट विचारलं की त्याच्यापासून काही लपवणं तिला जमत नसे. त्याने जेवताना दोन प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर आलं.

त्याने काटा खाली ठेवला. "म्हणजे औषध आहे."

"औषध नाही. उंदरांना—"

"तुझ्या फडताळात आहे. बर्फात."

"अकरा बाटल्या उरल्यात."

"मग एक आण. कोण मोजतंय?"

"मीच मोजते, लाम्ब्रो."

"तर मग उत्तमच."

तिने हात पुसले, पेन्सिल घेतली आणि पावाच्या कागदी पिशवीवर मांडून दाखवलं. एका उंदराला दोन आठवड्यांत दोन बाटल्या. उंदीर चारशे ग्रॅमचा. लाम्ब्रोस ब्याण्णव किलोचा. "दोनशे तीस उंदीर म्हणजे एक तू. चारशे साठ बाटल्या लागतील. जगात तेवढ्या नाहीत. आणि असत्या तरी ते बकरीचं आहे, ते अंगात गेल्यावर तुझा श्वास बंद पडू शकतो. कुणी माणसाला देऊन पाहिलेलंच नाही."

लाम्ब्रोसने पिशवी हातात घेतली. "दोनशे तीस उंदीर," तो म्हणाला. "आणि आमची अलेक्सोताई उगाच म्हणते की तिचा भाऊ वाघ आहे." तो हसला. मग पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "एकच आण गं. एका बाटलीने काही झालं नाही तर नाही झालं. निदान केलं असं तरी होईल."

ती डॉक्टरांकडे गेली. विचारायला लाज वाटत होती, तरी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "माझ्या सख्ख्या भावाला मी ते दिलं नसतं. उंदराचा श्वास बंद पडला तर मी दुसरा उंदीर घेतो."

"माणसाला कधी मिळेल?"

"हे नाही, पण असंच काहीतरी. दहा वर्षांनी. कदाचित."

"त्याच्याकडे दहा महिने नाहीत."

डॉक्टरांनी उठून स्वतः ब्रिकीत, लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, कॉफी उकळली आणि तिच्यासमोर ठेवली. बारा वर्षांत त्यांनी तिच्यासाठी कॉफी केली ती पहिल्यांदा.

एका गुरुवारी, सगळे जेवायला गेले असताना, हाइदोने शीतकपाट उघडलं आणि एक बाटली बाहेर काढली. बोटाच्या पेराएवढी बाटली. घेऊन जायचं तिने ठरवलं होतं असं नाही. परत ठेवायचं ठरवलं होतं असंही नाही. ती मुठीत धरून खिडकीशी उभी राहिली. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे बसथांबा. त्या मुठीत असं काहीतरी होतं जे तिने स्वतःच्या डोळ्यांनी धमन्या मोकळ्या ठेवताना पाहिलं होतं, आणि ते तिच्या माणसाला शेंगदाण्याएवढंही उपयोगी नव्हतं. मूठ उघडली तेव्हा आतलं पाणी झालं होतं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून चालत नाही. तिने वहीत तारीख घालून लिहिलं, "एक बाटली माझ्या हातून वितळली." बारा वर्षांत तिने काही बिघडवलं ते हेच. संध्याकाळी डॉक्टरांनी ते वाचलं, खाली सही केली आणि वही मिटली.

लाम्ब्रोसने तिला शपथ घातली होती, बसच्या कचेरीत कुणाला सांगायचं नाही म्हणून. सांगितलं की परवाना जाणार. परवाना गेला की तो काय करणार, खुर्चीत बसून भिंत बघणार? हाइदोने बारा दिवस शपथ पाळली. रोज सकाळी तो बस घेऊन वर जायचा आणि ती कामावर यायची. त्या वळणांचे आकडे तिला पाठ होते. बसमधली माणसं ओळखीची होती. फोन करायला ती दोनदा उठली. काय सांगणार होती? माझ्या नवऱ्याला गाडी चालवू देऊ नका? दोन्ही वेळा तिने फोन परत ठेवला. ऐकलेला एकेक हॉर्न तिला त्याचाच वाटायचा.

तेराव्या दिवशी वर जाताना, दरीच्या बाजूच्या वळणाआधी, लाम्ब्रोसच्या छातीत कळ उठली आणि डाव्या हातातून खाली गेली. त्याने हॉर्न वाजवला नाही. बस बाजूला घेतली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मग मागून एका म्हातारीने पाण्याची बाटली पुढे पाठवली. हातोहात ती त्याच्यापर्यंत आली. जिभेखाली गोळी ठेवून दहा मिनिटांनी त्याने डोकं वर केलं. "मंडळी, खाली उतरा," तो म्हणाला. "इथून पुढे मी तुम्हाला नेणार नाही." लोक उतरून रस्त्याच्या कडेला बसले. दुसरी बस यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत, नंतर कळलं, कुणीतरी फडक्यातली पिता, म्हणजे भाजी भरून भाजलेली जाड पोळी, सोडली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली, त्यालाही भरवली.

हाइदो इस्पितळात पोचली तेव्हा तो पलंगावर बसून होता आणि परवाना त्याने आधीच देऊन टाकला होता.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"मी शपथ घातली होती ना."

"बसमध्ये चाळीस माणसं होती, लाम्ब्रो."

"छत्तीस," तो म्हणाला. "आणि एक शेळी." मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

जानेवारीत अथेन्सला पुन्हा फुगा झाला. मेमध्ये धमनी पुन्हा बुजली. त्या उन्हाळ्यात छाती उघडून पायाची शीर तिथे जोडली. शिवण कशी घातलीय ते हाइदोने जखमेवरची पट्टी बदलताना पाहिलं. नीट घातली होती, तिच्याइतकी नसेल, पण नीट. आत काय होणार तेही तिला ठाऊक होतं. पायातल्या शिरेला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. तिलाही आतून इजा होते, तीही बरी व्हायला बघते.

त्याने सात वर्षं काढली. बसस्थानकाच्या कॉफीघरात एका ठराविक टेबलाशी तो बसायचा आणि आवाजावरून सांगायचा, कोणाची बस आली आणि कोण क्लच जाळतोय. ड्रायव्हर त्याच्यावर चिडायचे, आणि तो दोन दिवस दिसला नाही तर घरी चौकशीला यायचे. त्याची मोठी बहीण अलेक्सो दर रविवारी हातात पालेभाजीची पिता घेऊन हजर असायची. नवऱ्यामागे चाळीस वर्षं काळ्या कपड्यांत राहिलेली, ताठ, तोंडाने फाटकी.

"तिथे एवढे शिकले-सवरलेले लोक बसलेत," ती हाइदोला म्हणायची, "आणि माझ्या भावाच्या छातीतली एक नळी उघडी ठेवता येईना? काय करता काय तुम्ही दिवसभर?"

"मोजतो, वन्सं."

"मोजता! मोजून कुणी बरं झालंय का?"

स्वतः अलेक्सोने चर्चमध्ये देवमातेच्या तसबिरीपुढे नवसाचं चांदीचं छोटं हृदय टांगलं होतं. दरवर्षी एक. अठ्ठ्याण्णव साली तिथे सहा हृदयं ओळीने लोंबत होती आणि लाम्ब्रोस दोन खोल्यांमधलं अंतर एका दमात चालू शकत नव्हता. अथेन्सच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा उघडण्यासारखं काही नाही. हृदयाचा स्नायूच थकला. ते ऐकून आल्यावर अलेक्सोने टोमणे मारणं बंद केलं. तेच हाइदोला जास्त जड गेलं.

नोव्हेंबर नव्याण्णवमधल्या एका शनिवारी सकाळी हाइदो लीकची पात धूत होती. लाम्ब्रोस बूट घालायला स्टुलावर बसला होता, कॉफीघरात जायचं म्हणून. "हाइदो, ही नाडी जरा—" एवढं तो बोलला. ओले हात तसेच घेऊन ती वळेपर्यंत तो भिंतीला टेकला होता. औषधाचा लेप लावलेल्या, धमनीत बसवायच्या जाळीच्या नळ्या, पेशींना आतल्या आत थांबवणाऱ्या, यानिनात यायला अजून तीन-चार वर्षं होती. पुढे त्या आल्या आणि लाम्ब्रोसच्या बरोबरीचा एक ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी घरी येऊन बागेला पाणी घालायला लागला. हाइदो त्याला भेटायला गेली, पिता देऊन आली, आणि घरी येऊन दार लावून बसली.

पण ते पुढचं. लाम्ब्रोस गेल्यावर चाळीस दिवसांचा विधी झाला, त्यानंतरच्या फेब्रुवारीत एके सकाळी अलेक्सो प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. काळा रुमाल, हातात पर्स घट्ट धरलेली. पूर्वी कधी ती तिथे आली नव्हती.

"मला दाखव," ती म्हणाली.

"काय, वन्सं?"

"त्याला काय झालं होतं ते. तुला सगळं दिसत होतं ना? मग मलाही दाखव."

हाइदोने तिला स्टुलावर बसवलं, काच लावली, डोळा कुठे टेकवायचा ते सांगितलं. अलेक्सोला आधी नुसतं पांढरं दिसलं, मग स्वतःच्याच पापण्या, मग एकदम ते सापडलं.

"केवढं सुंदर आहे," अलेक्सो म्हणाली. "जरीच्या काठासारखं. ती काळी नागमोडी रेघ कसली?"

"ती धमनीची मूळची भिंत."

"आणि तिच्या आत हे दाट दाट?"

"ते नंतर आलेलं. जखम भरताना."

"आणि मधे ते एवढंसं भोक?"

"रक्ताला जायला तेवढंच उरतं."

अलेक्सोने डोळा उचलला नाही. बाहेर कुणीतरी गाडा ढकलत नेला. "हे त्याचं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. उंदराचं."

"मग तो?"

"कोण?"

"ज्याचं हे आहे तो. उंदीर."

"त्याला मारावं लागतं, वन्सं. त्याशिवाय कापता येत नाही."

अलेक्सोने सूक्ष्मदर्शकावरून तोंड न हलवता छातीवर क्रुसाची खूण केली. "त्याला दुखलं?"

"नाही. झोपेचं औषध देतो आधी. त्याला कळतही नाही."

"आणि लाम्ब्रोसला?"

हाइदोने काचांची पेटी जवळ ओढली. काचा सरळ होत्या, तरी एक काढून तिने पुन्हा खाचेत बसवली.

"दुखलं," ती म्हणाली. "त्याला दुखलं, वन्सं."